मित्राच्या स्मृतीसाठी संगीतसंध्या आणि मानसिक आरोग्याच्या संस्थांना निधी: बेळगावात कसे जुळवावे?

शहापूरचा_ठेका

नमस्कार मंडळी. आमच्या सुगम संगीताच्या मंडळातला तबलावादक मित्र गेल्या फेब्रुवारीत गेला. आत्महत्या होती. घरच्यांना ते लपवायचे नाही, पण त्याचा बोभाटाही नको आहे. त्याच्या नावाने एक संध्याकाळ करायची आणि जमलेला पैसा मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थांना द्यायचा, असे ठरले आहे.

आत्तापर्यंतचा बेत असा: साधारण २५० माणसे, तिकीट ३०० रुपये, डिसेंबरचा दुसरा शनिवार. पैसे मंडळाच्या खजिनदाराच्या क्यूआरवर घ्यायचे आणि मग चार-पाच संस्थांना सारखे वाटायचे. मध्यंतरात लकी ड्रॉ. शेवटी तासभर माईक मोकळा, ज्याला बोलायचे त्याने बोलावे. आमचे मंडळ नोंदणीकृत नाही. यात काय चुकते आहे आणि आधी काय करावे, जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

---

हिशेबनीस_टिळकवाडी

दादा, हेतू चांगला आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. हॉल आणि गाणी नंतर. पैसा कुणाच्या खात्यात जाणार, हे आधी ठरवा.

खजिनदाराच्या खात्यात दोन-तीन लाख आले की कागदोपत्री ती त्याचीच जमा दिसते. उद्या आयकराकडून विचारणा आली तर उत्तर त्यालाच द्यावे लागते, आणि देणगीदाराला ८०-जीची (देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी) पावतीही मिळत नाही. म्हणून संस्था पक्की करा, तिला पत्र लिहा, आणि तिच्याच नावाचा क्यूआर व खाते क्रमांक मागून घ्या. कार्यक्रमाआधी त्यावर एक रुपया पाठवून मोबाईलवर कोणते नाव उमटते ते पाहा. तेच नाव फलकावर छापा: ‘पैसे पाठवण्याआधी हे नाव दिसले पाहिजे’. लोकांची निम्मी शंका तिथेच मिटते.

चार-पाच संस्था नकोत, दोन पुरेत. दोन लाख पाच ठिकाणी वाटले तर प्रत्येकी चाळीस हजार, आणि पावत्या, पत्रव्यवहार, याद्या मात्र पाचपट. निवडताना काम वेगवेगळे असेल असे पाहा. कर्जतचे श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवते. डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये याच कामासाठी मॅगसेसे मिळाला. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही आधार देते. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) १९९० पासून आहे. चेन्नईची स्नेहा १९८६ पासून आत्महत्या रोखण्याच्याच कामात आहे. कर्नाटकातलीच हवी तर बेंगळुरूची रिचमंड फेलोशिप पुनर्वसन केंद्रे चालवते. संस्था महाराष्ट्रातली आणि देणगीदार कर्नाटकातला, याने काही अडत नाही. ८०-जीची नोंदणी चालू आहे ना आणि मुदत कधीपर्यंत आहे, हे मात्र आयकराच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. जुन्या पत्रकावरचा क्रमांक पुरावा धरू नका. (नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमाचा आकडा बदलला आहे, पण लोक अजून ८०-जीच म्हणतात, म्हणून तेच लिहितो.)

आता तिकीट. माझे मत ठाम आहे: प्रवेश मोफत प्रवेशिकेवर ठेवा, देणगी वेगळी आणि ऐच्छिक. कारण हिशेबातच दिसते. समजा हॉल १८,०००, ध्वनी-प्रकाश १२,०००, चहा-नाश्ता २५० माणसांचा ४५ रुपये दराने ११,२५०, छपाई ४,०००, कापडी फलक २,५००, कलाकारांचा प्रवास ५,०००, जनरेटर ४,०००, किरकोळ ३,०००. एकूण ५९,७५०. सगळी तिकिटे खपली तरी २५० गुणिले ३०० म्हणजे ७५,०००. संस्थेला उरले १५,२५०. ज्याने ३०० दिले त्याला वाटते आपले ३०० गेले. प्रत्यक्षात पोहोचले ६१. त्याऐवजी हे साठ हजार आधीच बारा जणांकडून पाच-पाच हजार घेऊन उभे करा. दुकानदार, सोसायट्या, बॅचचे जुने मित्र यांना स्पष्ट सांगा की हा खर्चाचा निधी आहे, याला ८०-जी नाही. मग व्यासपीठावरून बिनदिक्कत सांगता येते, ‘आज दिलेला प्रत्येक रुपया संस्थेला जाईल.’

तिकिटाच्या बदल्यात माणसाला कार्यक्रम आणि नाश्ता मिळतो, म्हणून ती रक्कम देणगी धरत नाहीत. देणगी वेगळी ठेवली की हा घोळ राहत नाही. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली तर तिच्यावर वजावट मिळत नाही. मोठी रक्कम चेक किंवा यूपीआयनेच घ्या. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ८०-जीची वजावट मुळीच नाही, तेव्हा निवेदकाने ‘सगळ्यांचा कर वाचेल’ असे बोलू नये.

अडतं ते पावतीपाशी. यूपीआयने पैसे संस्थेला पोहोचतात, पण देणगीदाराचा पत्ता आणि पॅन पोहोचत नाही, आणि त्याशिवाय संस्थेला प्रमाणपत्र काढता येत नाही. म्हणून एक चिठ्ठी छापा: नाव, पत्ता, पॅन, रक्कम, संस्था, व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. ही टेबलावर भरून घेऊ नका. मध्यंतर पंधरा मिनिटांचे, देणारे शंभर, एका चिठ्ठीला दीड मिनिट धरले तर दहा माणसे लिहायला लागतील. चिठ्ठी आणि पेन्सिल आधीच प्रत्येक खुर्चीवर ठेवा. भरलेली चिठ्ठी घेऊन तपासायला वीस सेकंद पुरतात, तीन माणसांत काम होते.

कुलूप लावलेली निनावी पेटी मुख्य साधन करू नका. निनावी देणग्या ठराविक मर्यादेपुढे गेल्या की धर्मादाय संस्थेला त्यावर ३० टक्के कर भरावा लागतो. पेटी ठेवायचीच तर शेजारी चिठ्ठ्या ठेवा आणि रोकड त्याच रात्री दोघांनी मिळून मोजा, त्यातला एक तुमच्या मंडळाबाहेरचा. कोणत्या नोटा किती ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या, आणि बँक उघडताच भरणा.

---

पडद्यामागे

तारखेबद्दल. डिसेंबर सोडा. सुवर्णसौधमध्ये, म्हणजे इथल्या विधानभवनात, कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुतेक याच महिन्यात असते. पोलीस बंदोबस्तात अडकलेले, मोर्चे, रस्ते वळवलेले, लॉज भरलेले. बाहेरून कलाकार येणार असतील तर राहायची सोय होत नाही. १ नोव्हेंबरच्या आसपासचा आठवडाही नको, इकडे कर्नाटकचा राज्योत्सव, तिकडे सीमाभागातल्या मराठी भाषकांचा काळा दिन, कोणत्याही जमावाच्या अर्जाकडे त्या दिवसांत वेगळ्या नजरेने पाहिले जाते. जानेवारीत संक्रांत आणि १७ तारखेचा हुतात्मा दिन. मार्च आला की परीक्षा. फेब्रुवारीचा पहिला शनिवार मला सगळ्यात बरा वाटतो. त्याचे वर्षश्राद्ध त्याच महिन्यात येत असेल तर घरच्यांना विचारून किमान आठवड्याचे अंतर ठेवा. विधी आणि कार्यक्रम एका दिवशी आला की घरचे दोन्हीकडे अर्धेच राहतात.

बंदिस्त सभागृह घ्या. मराठा मंदिर, लोकमान्य रंगमंदिर, कुमार गंधर्व कलामंदिर, जे परवडेल आणि मोकळे असेल ते. उघड्या मैदानावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. हॉल ठरवताना खुर्च्यांपेक्षा या गोष्टी विचारा: कलाकारांच्या खोलीशिवाय आणखी एक लहान खोली मिळेल का (पुढे कुणीतरी सांगेलच कशासाठी), मोबाईलला आत रेंज येते का, आणि हेस्कॉमची वीज गेली तर जनरेटर कुणाचा व डिझेल कुणाचे. काँक्रीटच्या हॉलमध्ये रेंज दाराबाहेरच येते, म्हणून क्यूआरचे फलक बाहेरच्या व्हरांड्यात लावा.

अर्ज ज्या भागातला हॉल त्या पोलीस ठाण्यात, कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी. कन्नडमध्ये लिहून न्या, काम लवकर होते. सोबत हॉलची पावती, आयोजकांची नावे व ओळखपत्रे, कार्यक्रमपत्रिका, आणि ‘हा राजकीय कार्यक्रम नाही’ अशी एक ओळ. प्रतीवर शिक्का घेऊन पोच जपून ठेवा. फलक कापडी करा. कर्नाटकात प्लास्टिकच्या फ्लेक्सवर २०१६ पासून बंदी आहे. चौकात लावायचा असेल तर महापालिकेची परवानगी वेगळी. फलक आणि पत्रिका मराठी व कन्नड दोन्हींत, अक्षरांचा आकार सारखा. आपल्याकडे फलकाच्या भाषेवरून वाद पेटायला वेळ लागत नाही आणि मग मूळ विषय बाजूला पडतो. त्याहून मोठे कारण म्हणजे हे दुखणे दोन्ही भाषांच्या घरांत आहे.

वेळ साडेपाच ते साडेआठ. येळ्ळूर, कडोली, खानापूरच्या माणसांना परतीची बस मिळाली पाहिजे. साडेआठ म्हणजे साडेआठ. साउंडवाल्याला कार्यक्रम सुरू होण्याआधी तासभर तपासणीला द्या, विशेषतः तबल्याचे दोन माईक.

---

शहापूरचा_ठेका

हिशेबनीस काका, पडद्यामागे दादा, मनापासून आभार. तारीख बदलतो, तिकीट रद्द. तीन शंका राहिल्या. एक, जुनी चित्रपटगीते म्हटली तर परवाना लागतो का? दोन, दुबई आणि अमेरिकेतले मित्र पैसे पाठवतो म्हणतात. तीन, लकी ड्रॉबद्दल कुणीच काही बोलले नाही.

---

हिशेबनीस_टिळकवाडी

लकी ड्रॉ नको. पैसे घेऊन कूपन आणि सोडतीने बक्षीस, ही कायद्याच्या भाषेत लॉटरीच, आणि कर्नाटकात लॉटरी बंद आहे. त्याऐवजी लिलाव करा, आपल्या गणेशमंडळात नारळाचा करतात तसा. शहापूर-वडगावची हातमागाची साडी, एखादे चित्र, जुना हार्मोनियम, अशा भेट मिळालेल्या पाचच वस्तू, बोली बाजारभावाच्या निम्म्यापासून, वीस मिनिटांत आटपायचे. लिलावाची रक्कम वस्तूची किंमत असते, तिला देणगीची पावती देऊ नका. आणि हे मध्यंतराआधी उरका. आठवणींच्या भाषणानंतर बोली लावणे घरच्यांना ऐकवणार नाही.

परवाना: स्वामित्वहक्क कायद्यात हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांपुढे सादर केलेल्या संगीताला सूट आहे. तुमचे कलाकार हौशी आणि प्रवेश खरोखर मोफत असेल तर तुम्ही त्यात बसता. ‘देणगी प्रवेशिका ३०० रुपये’ असे छापले की सूट गेली. कार्यक्रम चांगल्या कामासाठी आहे एवढ्याने ती मिळत नाही. व्यावसायिक ऑर्केस्ट्रा आणला तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे परवाने देणारी संस्था) परवाना काढा. मध्यंतरात ध्वनिमुद्रित गाणी लावू नका, त्याचे हक्क आणखी वेगळ्या कंपन्यांकडे असतात. संतांचे अभंग, कन्नडमधली वचने, दासपदे यांच्या शब्दांवर कुणाचा हक्क राहिलेला नाही, चाली मात्र नव्या असतील तर त्यांना हक्क असतो. पारंपरिक चालीत म्हटले तर काहीच प्रश्न नाही, आणि निम्मा श्रोता कन्नड असेल तेव्हा अभंगाशेजारी वचन शोभतेही.

परदेशचे पैसे: मित्राचे नागरिकत्व विचारा, तो राहतो कुठे ते नव्हे. दुबईत नोकरी करणाऱ्याचा पासपोर्ट भारतीय असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळते ते) असले तरी, ती विदेशी देणगी. ती फक्त एफसीआरए (विदेशी देणगीचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेला, तिच्या दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या खात्यातच जाऊ शकते. तुमच्या क्यूआरवर मुळीच नको. त्यांना संस्थेशी परस्पर बोलू द्या.

---

अनगोळची_अक्का

मी समुपदेशनाच्या कामातली. पैशाचे सगळे नीट सांगून झाले, आता शेवटच्या तासाबद्दल. मोकळा माईक ठेवू नका.

२५० माणसांत असे काहीजण नक्की असतील जे आत्ता त्याच विचारांशी झगडत आहेत, किंवा ज्यांच्या घरात हेच घडले आहे. तिथे कुणी भावनेच्या भरात कसे, कुठे, शेवटचा निरोप काय होता, हे सांगू लागले तर ते तपशील अशा माणसाच्या डोक्यात घर करतात. म्हणून चारच वक्ते ठेवा, प्रत्येकी चार मिनिटे, आणि बोलायचे दोन दिवस आधी लिहून मागा. पद्धत, जागा, चिठ्ठी यांचा उल्लेख नाही. ‘कर्जामुळे केले’, ‘नापास झाला म्हणून’ असे एकच कारण जोडायचे नाही. कारणे कधीच एक नसतात, आणि ऐकणाऱ्या कर्जदाराला त्यातून वेगळाच अर्थ कळतो. आपल्याकडच्या श्रद्धांजलीत सहज येणारी वाक्ये आहेत, ‘सुटला बिचारा’, ‘आता शांत झाला’, ‘मुक्त झाला’. बोलणारा प्रेमाने बोलतो, पण त्रासात असलेल्याला त्यातून मरण ही सुटका वाटू लागते. ‘भ्याडपणा’, ‘डोक्यावर परिणाम’ हेही नको. तो तबला कसा वाजवायचा, मुलांना कसे शिकवायचा, विनोद कसे करायचा, हे बोला. मृत्यूबद्दल एकदाच, साध्या शब्दांत: ‘तो आत्महत्येने गेला. त्याला त्रास होता आणि अशा त्रासावर मदत मिळू शकते.’

कुणी भरकटलेच तर निवेदकाने काय म्हणायचे ते आधी ठरवा. ‘काका, थांबवतो, माफ करा. त्याच्या वादनाबद्दल एक आठवण सांगा ना,’ असे म्हणत शेजारी जाऊन उभे राहायचे. माईक बंद करण्याची खूण साउंडवाल्याशी ठरलेली असावी.

ती लहान खोली यासाठी. दोन-तीन खुर्च्या, पाणी, दार लोटलेले पण कडी नाही, फोटोग्राफरला मनाई. २५० माणसांसाठी दोन प्रशिक्षित समुपदेशक, एक बाई आणि एक पुरुष, किमान एकाला कन्नड सहज यावी. त्यांच्या छातीला हिरवी पट्टी लावा आणि सुरुवातीलाच सांगा: ‘अस्वस्थ वाटले तर उठून बाहेर जा, हिरवी पट्टीवाल्यांशी बोला, कारण सांगायची गरज नाही.’ हे वाक्य मध्यंतरानंतर पुन्हा सांगा, उशिरा आलेल्यांना पहिले ऐकू आलेले नसते. धारवाडच्या डिम्हान्सकडे (सरकारी मानसिक आरोग्य संस्था) किंवा बेळगावच्या बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे महिनाभर आधी पत्र दिले तर माणसे मिळू शकतात.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. मोफत आहे, चोवीस तास चालतो, भाषा निवडता येते. एटीएम कार्डाएवढी कार्डे छापा, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. २५० माणसांना ४०० छापा, लोक शेजाऱ्यासाठी म्हणून दोन नेतात. दाराशी ठेवाच, पण स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही नंबर चिकटवा. चारचौघांत ते कार्ड उचलायला माणूस बिचकतो, तिथे एकटा असताना फोनमध्ये टिपून घेतो.

संस्थेचा एखादा बरा झालेला रुग्ण बोलणार असेल तर त्याची लेखी संमती घ्या. ती व्हिडिओ आणि पेपरातल्या फोटोसाठी वेगळी. आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पुन्हा विचारा, नको म्हणाला तर त्याचा शब्द अखेरचा.

---

निपाणीकर

चहा-नाश्त्याचे लवकर सांगतो. ३०० कप, कप ९० मिलीचा, म्हणजे २७ लिटर. दूध १४ लिटर, साखर सव्वादोन किलो, पावडर ५५० ग्रॅम. अडीच लिटर बिनसाखरेचा वेगळा. उप्पीट २५० माणसांना १० किलो रवा. रवा आदल्या दिवशी भाजून ठेवा, फोडणी पाच वाजता, उप्पीट दोन टप्प्यांत. एकदम केले तर मध्यंतरापर्यंत गोळा होते. शिरा नको, स्मृतीच्या कार्यक्रमात कुणी गोड खाते, कुणी खात नाही, वाया जाते. पत्रावळी किंवा स्टीलच्या ताटल्या. प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांनाही तीच बंदी.

चंदगड, गडहिंग्लजकडे पावतीपुस्तक घेऊन फिरणार असाल तर थांबा. महाराष्ट्राच्या हद्दीत नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी जमवण्याआधी धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते. तिकडच्यांना क्यूआर पाठवा.

---

शहापूरचा_ठेका

अक्का, शेवटचा तास पूर्ण बदलतो. चार वक्ते, मग सगळ्या शिष्यांचे एकत्र तबलावादन. एकच विचारायचे: व्यासपीठावर त्याचा मोठा फोटो, हार, समया असे योजले होते. ते चालेल का? आणि कार्यक्रमानंतर आमच्याकडून काही राहता कामा नये.

---

अनगोळची_अक्का

फोटो जरूर ठेवा, पण तबला वाजवतानाचा, आणि व्यासपीठाच्या कडेला. मधोमध भव्य सजावट केली की शाळकरी मुलांच्या मनात मरणाने मोठेपण मिळते असे बसते. एक समई पुरे. फोटो कोणता ते त्याच्या आईला निवडू द्या, आणि नाव किती ठिकाणी छापायचे तेही घरच्यांनाच ठरवू द्या.

नंतर म्हणाल तर दुसऱ्या दिवशी घरच्यांना फोन, आणि आठवड्याने पुन्हा. कार्यक्रमाची गडबड संपली की घर एकदम रिकामे होते. त्या खोलीत आलेल्या ज्यांनी नंबर दिला असेल त्यांना समुपदेशकच फोन करतील, तुम्ही नाही. मंडळातल्या तुम्हा सगळ्यांनाही एकदा एकत्र बसू द्या. चार महिने धावपळ करताना स्वतःचे दुःख मागे पडलेले असते.

---

हिशेबनीस_टिळकवाडी

हिशेब पंधरा दिवसांत जाहीर करा. देणगीच्या चिठ्ठ्या संस्थांना स्पीड पोस्टाने, त्यांच्या छायाप्रती तुमच्याकडे. प्रमाणपत्रे आर्थिक वर्ष संपल्यावर निघतात, म्हणून फेब्रुवारीत देणाऱ्याला ती उन्हाळ्यात मिळतील, हे चिठ्ठीवरच छापा म्हणजे फोन येणार नाहीत. खर्चाच्या निधीतून काही उरले तर ते पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, देणाऱ्या बारा जणांना विचारून संस्थेला वळते करा. तुटले तर मंडळाने आपसांत भरावे, देणगीतून एक रुपयाही काढू नये. पेपरात बातमी देताना जमलेली रक्कम, संस्थांची नावे आणि १४४१६ हा नंबर, एवढेच द्या. मजकूर तुम्हीच मराठी-कन्नड दोन्हींत लिहून द्या. वार्ताहराने लिहिला तर मथळ्यात नेमके तेच येते, जे अक्कांनी टाळायला सांगितले आहे.